लिव्हरचं माप काढायला गेले होते (गोव्यातल्या एका सीटी स्कॅन सेंटरचा अनुभव)

आधीच सांगून टाकते, पाचपैकी साडेतीन स्टार. मशीनला पाच, टेक्निशियनला पाच, रिसेप्शनला दोन आणि रिपोर्टचं काय ते खाली वाचा. सेंटरचं नाव मुद्दाम टाकत नाहीये, पणजीच्या आसपासचं आहे एवढंच, कारण घोळ झाला त्यातला निम्मा आमच्याच अडाणीपणामुळे झाला आणि दुसऱ्या कुठल्या सेंटरला गेले असते तरी हेच झालं असतं असं मला आता वाटतं. पण गोव्यातून कोणी लिव्हर डोनर म्हणून टेस्ट करायला निघालं असेल तर हे वाचून जा, तुमचे दोन हेलपाटे वाचतील.

तर झालं असं की माझ्या मोठ्या भावाला, दादाला, लिव्हर सिरोसिस. गोव्यात लिव्हर म्हटलं की लोक आधी बाटलीकडे बघतात, शेजारपाजारचे पण तसेच बोलले, आमच्या दादाने आयुष्यात फेणीचा थेंब घेतलेला नाही. त्याला हिपॅटायटिस बी होता, वर्षानुवर्षं आत बसलेला, कळलं तेव्हा पोटात पाणी झालेलं. मुंबईच्या डॉक्टरांनी सांगितलं ट्रान्सप्लांटच करावा लागेल, मेंदू मृत डोनरच्या यादीत नाव घालू पण वाट बघायला वेळ कमी आहे, घरातलं कोणी देणार असेल तर बघा. आपल्याकडे बहुतेक लिव्हर ट्रान्सप्लांट तसेच होतात, जिवंत माणसाच्या लिव्हरचा तुकडा घेऊन. अवयव प्रत्यारोपणाचा कायदा १९९४चा आहे आणि गंमत म्हणजे तो सुरुवातीला ज्या तीन राज्यांना लागू झाला त्यात महाराष्ट्र आणि हिमाचलबरोबर आपलं एवढंसं गोवा होतं, हे मला त्या कागदपत्रांच्या भानगडीत कळलं.

पहिला नंबर धाकट्या भावाचा लागला, रक्तगट जुळत होता, गडी तयार पण होता. त्याला घेऊन गेलो ह्याच सेंटरला. इंजेक्शन द्यायच्या आधी ते साधा एक स्कॅन काढतात, त्यात लिव्हर आणि प्लीहा किती उजळ दिसतात ते आकड्यात मोजतात. निरोगी लिव्हर प्लीहेपेक्षा थोडं जास्त उजळ असतं, चरबी भरली की काळवंडत जातं. ह्याचं लिव्हर ४०, प्लीहा ५२, वजाबाकी उणे १२. उणे १० च्या खाली गेलं की चरबी चांगलीच आहे असं धरतात, म्हणजे विषय संपला. तीन महिने वजन उतरवून परत ये म्हणाले, पण दादाकडे तीन महिने कुठले. बिचारा पार्किंगमध्ये गाडीच्या बॉनेटवर डोकं टेकून उभा होता, मी काही बोलले नाही, काय बोलणार. पण इथे सेंटरला एक मार्क जास्त, कारण हा आकडा बघून टेक्निशियनने डॉक्टरला बाहेर बोलावलं आणि डॉक्टरने सरळ सांगितलं की ह्याचा पुढचा इंजेक्शनवाला स्कॅन आज करू नका, पैसे पण जातील आणि औषध पण फुकट अंगात जाईल, आधी मुंबईला विचारा. दुसऱ्या कोणी गुपचूप पूर्ण बिल लावलं असतं.

मग मी. वय ३४, वजन ५६, शाळेत गणित शिकवते, माहेर डिचोली सासर फोंडा. सासूबाई दोन दिवस बोलल्या नाहीत, तिसऱ्या दिवशी म्हणाल्या जा पण चवथीच्या आत घरी ये, तो एक वेगळाच विषय आहे, असो.

आता ही टेस्ट म्हणजे नक्की काय ते सांगते, कारण मला कोणीच नीट सांगितलं नव्हतं. मोजायच्या असतात दोन गोष्टी. माझ्या लिव्हरचा उजवा भाग कापून दादाला दिला तर तो दादाला पुरेल का, आणि माझ्याकडे जे उरेल ते मला पुरेल का. दादाच्या बाजूने हिशोब असा की तुकड्याचं वजन त्याच्या वजनाच्या निदान ०.८ टक्के पाहिजे. काही ठिकाणी त्याहून कमी पण घेतात, पण मग आतड्याकडून येणाऱ्या रक्ताचा जोर वेगळ्या उपायांनी कमी करावा लागतो, नाहीतर छोट्या लिव्हरवर सगळ्या पोटाचं रक्त येऊन आदळतं आणि ते दमतं. माझ्या बाजूने हिशोब असा की उरलेला भाग एकूण लिव्हरच्या निदान ३० टक्के पाहिजे, बरेच डॉक्टर ३५ असला तरच खूश असतात. म्हणजे एकीकडे जास्त पाहिजे आणि दुसरीकडे पण जास्त पाहिजे, आणि वस्तू एकच. घरात जमिनीच्या वाटण्या होताना बघितलेल्या आहेत ना, तसंच, फक्त इथे हद्दीची रेघ पोटात मारायची.

सीटीमध्ये हे मोजतात कसं, तर लिव्हरच्या आडव्या चकत्या काढतात. नीरफणसाच्या कापा करतो ना तळायला, तशा. प्रत्येक कापेवर लिव्हरची कड आखायची, आतलं क्षेत्रफळ काढायचं, कापेच्या जाडीने गुणायचं, सगळ्या कापांची बेरीज करायची, झालं घनफळ. सातवीच्या पोरांना पण समजेल. पण काप जाड असेल तर कडेचा हिशोब चुकतो आणि आतल्या बारीक शिरा दोन कापांच्या मधेच हरवतात. इथेच आमची माशी शिंकली.

पहिल्या दिवशीचा अनुभव तसा चांगला होता. सकाळी उपाशीपोटी बोलावलेलं, क्रिएटिनिनचा, म्हणजे किडनी कशी चालते ते सांगणाऱ्या रक्ततपासणीचा, ताजा रिपोर्ट घेऊन या म्हणून आदल्या दिवशी फोन आलेला, हे बरं केलं, कारण ते इंजेक्शनचं औषध किडनीतून बाहेर पडतं. बाहेर बोर्डावर दिवस जाण्याबद्दल सूचना होती आणि आत पण परत विचारलं. बसायला जागा कमी, एसी इतका फुल की मी ओढणी डोक्यावरून घेऊन बसले, टीव्हीवर कुठलीतरी कन्नड सिरियल चालू, का ते देव जाणे. नंबर ९ चा होता, आत गेले पावणेअकराला. हाताला जाड सुई लावली, एकदा चुकली, दुसऱ्यांदा लागली. जाड सुई का तर औषध पंपाने जोरात मारायचं असतं, सेकंदाला चार मिली वगैरे, म्हणजे आधी धमन्या उजळतात, मग मिनिटभराने पोर्टल शिर, म्हणजे आतड्याकडून लिव्हरकडे रक्त आणणारी, आणि लिव्हरमधून बाहेर पडणाऱ्या शिरा, प्रत्येक वेळेला वेगळा स्कॅन, त्यालाच फेज म्हणतात. औषध गेलं की अंगभर ऊन ऊन वाटतं, तोंडात नाणं चोखल्यासारखी चव येते आणि खाली असं वाटतं की आपल्याला झालीच! हे शेवटचं मला आधी कोणी सांगितलं नव्हतं, मी लाजेने अर्धी झाले, उठून बघते तर काही नाही. टेक्निशियन दादा काचेमागून म्हणाला, बाय घाबरूं नाका, सगळ्यांक तशेंच जाता. मशीन हिंदीत सांस रोको म्हणते तेव्हा खरंच रोखा, श्वास हलला की लिव्हर पण वरखाली हलतं आणि कड पुसट येते. पंचवीस मिनिटांत बाहेर. बिल ८४०० आणि व्हॉल्यूम काढायचे २००० वेगळे, पावती व्यवस्थित, कार्ड चाललं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी रिपोर्ट. एकूण लिव्हर ११९० मिली, उजवा भाग ८३०, डावा ३६०. गुणाकार भागाकार केला, माझ्याकडे उरणार ३०.२५ टक्के. म्हणजे अगदी उंबरठ्यावर. नवरा रिपोर्ट हातात घेऊन गप्प. मी रात्री बसून नेटवर १९९५चा एक जपानी फॉर्म्युला शोधला, ७०६.२ गुणिले शरीराचं पृष्ठफळ अधिक २.४, एवढ्या अंगाच्या माणसाचं लिव्हर साधारण किती असावं त्याचा. माझी उंची १५७, वजन ५६, उत्तर आलं साधारण ११०६. आता फॉर्म्युला जपानी लोकांवरून काढलेला, आणि माणसामाणसात फरक असतोच, म्हणून ह्याच्यावरून कोणाला चूक म्हणता येत नाही, पण ८४ मिलीचा फरक माझ्या डोक्यातून जाईना. गणिताच्या बाईचा किडा, काय करणार.

सीडी मुंबईला पाठवली, म्हणजे माझा चुलत दीर रात्रीच्या बसने जाणार होता त्याच्याकडे दिली. तिसऱ्या दिवशी तिकडच्या कोऑर्डिनेटर मॅडमचा फोन, ह्या इमेज ५ मिमीच्या आहेत, ह्याच्यावर आम्ही व्हॉल्यूम काढू शकत नाही, शिरांचं मॅपिंग तर अजिबातच नाही, १ मिमीच्या पाहिजेत, परत स्कॅन करून आणा. परत म्हणजे परत उपास, परत सुई, परत ते ऊन ऊन औषध, परत रेडिएशन, परत ८४००. माझं लिव्हर साडेसोळा सतरा सेंटिमीटर उंच, म्हणजे त्यांनी सीडीत दिल्या होत्या तेहतीस चौतीस कापा, आणि पाहिजे होत्या दीडशेच्या वर.

सेंटरला फोन केला. रिसेप्शनवरच्या मुलीने सांगितलं मॅडम तुमची फाईल क्लोज झाली, सीडीत आहे तेवढंच असतं, परत अपॉइंटमेंट घ्या. मी विचारलं जाड का दिल्या, तर म्हणाली सगळ्यांना तसेच देतो. दोन स्टार जे दिलेत ते ह्या संवादाला. बरं ती पण खोटं बोलत नव्हती, पोट दुखतं म्हणून आलेल्याला ५ मिमीच्या फिल्म पुरतात, आणि आमच्या चिठ्ठीवर पण नुसतं सीटी अॅब्डोमेन ट्रिपल फेज एवढंच होतं, लिव्हर डोनर हा शब्द मुंबईहून आलेल्या व्हॉट्सअॅपच्या यादीत होता आणि ती यादी मी काउंटरवर दाखवलीच नव्हती. व्हॉल्यूम काढून द्या एवढं तोंडी सांगितलं होतं. ही माझी चूक.

फोनवर काम होत नाही म्हणून मी शाळा सुटल्यावर स्कूटर काढून सरळ गेले. फोंड्याहून पणजी, बाणस्तारीला ट्रॅफिक, पाऊस, रेनकोटमधून पाणी आत. तिथे तोच टेक्निशियन दादा ड्युटीवर होता, पॅकेटमधला उंडो, म्हणजे आपला गोव्याचा पाव, आणि भाजी खात होता, मला बघून म्हणाला, बाय, तुम्ही लिव्हरवाल्या ना. सगळं ऐकून घेतलं, हात पुसले आणि म्हणाला थांबा, मशीनमध्ये कच्चा डेटा काही दिवस असतो, जागा भरली की जुनं पुसलं जातं, तुमचा अजून असला तर पातळ कापा परत बनवता येतील, परत स्कॅन कशाला. पाच मिनिटं काय काय क्लिक केलं. माझा श्वास त्या वेळेला मशीनने न सांगता रोखलेला. मिळाला. त्याने तिन्ही फेज १ मिमीने परत बनवून पेनड्राइव्हवर दिले, एक पैसा घेतला नाही, आणि वर म्हणाला उद्या आला असता तर सांगता येत नव्हतं. ह्या माणसाला दहा स्टार द्यायची सोय असती तर दिले असते. ज्याला ज्याला असा प्रॉब्लेम येईल त्याने आधी हेच विचारा, कच्चा डेटा आहे का, पातळ रिकन्स्ट्रक्शन मिळेल का. रिसेप्शनला विचारू नका, मशीनवर बसणाऱ्याला विचारा.

तेवढ्यात तिथले रेडिओलॉजिस्ट डॉक्टर बाहेर आले. मी धीर करून माझ्या ८४ मिलीचं विचारलं. मला वाटलं होतं उडवून लावतील, पण आत बोलावलं, खुर्ची दिली आणि स्क्रीन लावली. सॉफ्टवेअरने लिव्हर आपोआप रंगवलेलं, निळं उजवं, पिवळं डावं. एकेक काप खाली सरकवत गेले आणि स्वतःच म्हणाले, अरे, हे बघा, पित्ताशय पण निळ्यात धरलंय. आणखी खाली वर केलं तर लिव्हरला चिकटून जाणारी ती मोठी शीर आहे ना, सगळं रक्त हृदयाकडे नेणारी, ती पण रंगलेली. म्हणजे सॉफ्टवेअरला जे जे लिव्हरला चिकटलेलं दिसलं ते त्याने लिव्हर समजून घेतलं आणि कोणी हाताने पुसलंच नाही. दुसरी गोष्ट त्यांनी दाखवली ती रेघेची. लिव्हरच्या मधोमध एक शीर जाते, पित्ताशयाच्या खाचेपासून मागच्या मोठ्या शिरेकडे रेषा धरली तर साधारण तिच्या अंगाने उजवं डावं ठरतं. ह्यांनी रेघ त्या मधल्या शिरेच्या डावीकडून मारलेली, म्हणजे शीर आणि तिच्या बाजूची पट्टी दादाच्या वाट्याला. मुंबईवाले मधली शीर डोनरकडे ठेवतात म्हणजे रेघ शिरेच्या उजवीकडून, आणि कोणत्या बाजूने कापणार हे ह्यांना कोणी कळवलंच नव्हतं. डॉक्टर म्हणाले, खरं सांगतो, आमच्याकडे अशा केसेस वर्षातून मोजक्या, आम्ही सर्वसाधारण पद्धतीने दिलं. माफी मागितली, २००० रुपये परत केले. मी मागितले नव्हते.

मुंबईत त्याच इमेजवरून परत काढलं, हाताने कड दुरुस्त करून. एकूण १०८५, उजवा ६८०, मधल्या शिरेसकट डावा ४०५. माझ्याकडे उरणार ३७.३ टक्के. एकच बाई, एकच लिव्हर, एकच स्कॅन, आणि एका रिपोर्टात ३०, दुसऱ्यात ३७. आमच्या घरात ह्या सात टक्क्यांवर पेढे वाटायचे बाकी होते.

दादाच्या बाजूचा हिशोब पण मजेशीर होता, म्हणजे तेव्हा मजा वाटली नव्हती. काट्यावर दादा ७४ किलो, पण त्यातलं आठेक किलो पोटातलं आणि पायातलं पाणी, कोरडं वजन ६६ धरलं. ६८० मिली म्हणजे ६८० ग्रॅम नव्हे, हे पण तिथे कळलं. जिवंत माणसाच्या लिव्हरमध्ये रक्त भरलेलं असतं, स्कॅन ते पण मोजतो, बाहेर काढून धुतलं की वजन कमी भरतं, म्हणून ते दहाएक टक्के वजा करून ६१२ धरून चालले. ६६ किलोला ०.९३, आणि पाण्यासकट ७४ किलो धरलं तरी ०.८३, दोन्हीकडून पास. पित्तनलिकांसाठी एमआरसीपी, म्हणजे एमआरआयचाच एक प्रकार, तिथेच केलं, त्या भों भों मशीनचा अनुभव वेगळा लिहायला लागेल.

ऑपरेशनच्या दिवशी माझा तुकडा बाजूच्या टेबलावर वजन केला तेव्हा ६२५ ग्रॅम भरला, हे मला सर्जनने तिसऱ्या दिवशी राउंडला सांगितलं, कारण मी शुद्धीवर आल्यापासून नर्सना तेच विचारत होते म्हणे. ६१२ चा अंदाज आणि ६२५ प्रत्यक्ष! आमच्या शाळेत व्यवहारी गणितात पोरांचा अंदाज एवढा जवळ येत नाही. डोनरच्या वॉर्डात आम्ही चौघी होतो, चारही बायका, बघा म्हणजे. दादा बरा आहे, औषधं आयुष्यभर, पण डिचोलीच्या बाजारात जाऊन मासे निवडण्यावरून भांडतो म्हणजे बराच आहे. चवथीला मी घरी होते, मोदक सासूबाईंनी केले, मला वाकायची बंदी होती.

सेंटरबद्दल राहिलेलं सांगते. पार्किंग नाही, गल्लीत लावावी लागते. बाथरूम स्वच्छ. सीडी मागितली तरच देतात, पातळ कापा तर अजिबात आपणहून देत नाहीत, चिठ्ठीवर लिव्हर डोनर व्हॉल्यूमेट्री, १ मिमी, तिन्ही फेज असं डॉक्टरकडून लिहून घ्या आणि ज्या हॉस्पिटलमध्ये ऑपरेशन होणार त्यांना मधली शीर कोणाकडे ठेवणार ते विचारून तेही त्यावर लिहा. शक्यतो आकडा काढायचं काम ऑपरेशन करणाऱ्यांकडेच ठेवा, गोव्यात फक्त इमेज काढा, २००० वाचतील आणि नवऱ्याची एक रात्रीची झोप पण वाचेल. रिपोर्ट इंग्रजीत असतो, मराठी कोकणीत समजावून सांगणारा माणूस असतोच असं नाही, संध्याकाळच्या पाळीला गेलात तर असतो.

ऑपरेशनला तीन महिने झाल्यावर परत मोजायला सांगितलं तेव्हा मी मुंबईला न जाता इथेच गेले. उरलेलं ४०५ चं ८८० झालेलं, पोटात कसं बसलं देव जाणे. ह्या वेळेला मी चिठ्ठी सगळी नीट लिहून नेली होती, पिशवीतून काढत होते तोवर काउंटरवरची तीच मुलगी म्हणाली, मॅडम, पातळवाल्या ना, पेनड्राइव्ह आणलाय? सुई मात्र ह्या वेळेला पण दोनदा टोचली.